पांढऱ्या फुलाला रंगच नसतो!

अंगणातल्या तगरीचं एक फूल घ्या. त्याची एक पाकळी चिमटीत धरा आणि वात वळतो तशी हलकेच चोळा. दहा सेकंदांत पांढरेपणा गायब! बोटांत उरतो तो ओलसर, आरपार दिसणारा पापुद्रा. मग रंग गेला कुठे? कुठेच नाही, तो मुळात नव्हताच. जास्वंदीच्या पाकळीत लाल द्रव्य असतं, झेंडूत पिवळं असतं. पांढऱ्या पाकळीत मात्र पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांवर आदळून उजेड चहूकडे विखुरतो आणि आपल्याला फूल पांढरं दिसतं. साबणाचा फेस पांढरा दिसतो तोही याच कारणाने. पाकळी चोळली की हवा निघून जाते, त्या जागी पाणी भरतं आणि खेळ खलास.

जपानच्या डोंगरांत ‘सांकायो’ नावाचं एक पांढरं फूल आहे. त्याला चोळावंही लागत नाही. पावसात भिजलं की त्याच्या पाकळ्या काचेसारख्या होतात, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या. वाळलं की पुन्हा पांढरं!

आणखी एक गंमत. जे फूल आपल्याला पांढरं दिसतं, ते मधमाशीला बहुतेक वेळा पांढरं दिसतच नाही. तिला अतिनील किरण दिसतात आणि पांढऱ्या पाकळ्या बहुधा नेमके तेच किरण शोषून घेतात. त्यामुळे आपला शुभ्र मोगरा तिच्या लेखी निळसर-हिरवट असतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हौसेनं म्हणतो. पांढऱ्या फुलांच्या बाबतीत ते खरं करून दाखवायला आपल्याकडे मालमसाला भरपूर आहे. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठची काळी माती आहे. वर जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा, खाली गंगाखेडच्या अंगाला बालाघाट. मधे कापूस, सोयाबीन, हरभरा, फळबागा आणि प्रत्येक दारात एखादं तरी तगरीचं नाहीतर मोगऱ्याचं झाड. तेव्हा चला, एक चक्कर मारू.

पांढरं सोनं हे फूल नव्हेच

मानवत, सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात तेव्हा ‘पांढरं सोनं’ हा शब्द हमखास कानावर येतो. शहरातली पाहुणेमंडळी शेतात आली की फुटलेलं बोंड पाहून म्हणतात, “काय सुंदर फुलं आलीत हो!” ते फूल नसतं. फूल कधीच येऊन गेलेलं असतं. बोंडातला पांढरा कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. त्यातला प्रत्येक तंतू ही एकच एक पेशी असते, लांबायला लागते ती तीन सेंटीमीटरच्या घरात जाते! आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत आणि इथे एका पेशीचा धागा चिमटीत धरता येतो.

खरं फूल बघायचं तर पात्यातून ते उमलतं त्या सकाळी जायला हवं. आपल्याकडच्या नेहमीच्या अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी दुधावरच्या सायीसारखं पांढरं असतं. दिवस कलेल तसं ते गुलाबी होऊ लागतं, दुसऱ्या दिवशी गडद होतं, मग मिटून गळून पडतं आणि मागे बोंड धरतं. म्हणजे एकाच झाडावर पांढरं आणि गुलाबी अशी दोन रंगांची फुलं दिसली तर त्या दोन जाती नसतात, आजचं आणि कालचं फूल असतं. झाडाचं कॅलेंडरच म्हणा! देशी कपाशीचं फूल मात्र बहुतेक करून पिवळं. देशी कपाशीवर परभणीच्या कृषी विद्यापीठात बरीच वर्षं काम चालू आहे. तिथल्या एका देशी वाणाचं नाव ‘परभणी तुराब’ आहे. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला जाणाऱ्या परभणीकराला हे नाव वेगळं सांगायला नको.

या फुलातलं एक वाईट गुपितही कापूसवाल्यांना ठाऊक असतं. काही फुलं नीट उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींना चिकटून, पिळवटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. हिला शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. एक डोमकळी उकलून पाहा. पाकळ्यांची टोकं आतून रेशमासारख्या धाग्याने शिवलेली असतात आणि मधोमध परागकण खात एक बारीक अळी बसलेली असते. ती गुलाबी बोंडअळी. फूल तिचं घर, फुलातले पराग तिचं जेवण आणि पुढचा मुक्काम बोंडात. म्हणून डोमकळी दिसली की ती तोडून अळीसकट नष्ट करायची. फवारणीच्या पंपाआधी दोन बोटांनी होणारं हे काम आहे. ते सुरुवातीच्या फुलांवरच केलं, तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो.

फुलावरून दाणा ओळखा

मार्गशीर्षात हरभऱ्याच्या बांधावर उभे राहा. फूल गुलाबी-जांभळं असेल तर घाट्यातून निघणार तो आपला तांबूस देशी हरभरा, डाळीचा, बेसनाचा. फूल पांढरं असेल तर ते रान काबुलीचं. छोल्यांचा टपोरा फिकट दाणा पांढऱ्या फुलातूनच येतो. दाण्याच्या सालीला जो रंग चढतो आणि पाकळीला जो चढतो, त्यांचा कारखाना एकच आहे. कारखान्यातली एक कळ बंद पडली की फूलही पांढरं आणि दाणाही गोरा.

आनुवंशिकतेचं सगळं शास्त्र याच कळीवर उभं राहिलं, हे किती जणांना ठाऊक असतं? ग्रेगोर मेंडेल या पाद्र्यानं मठाच्या बागेत वाटाण्याच्या जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी. पांढरा रंग नाहीसाच झाला असं वाटलं. पण दुसऱ्या पिढीत ९२९ झाडं मोजली तेव्हा ७०५ जांभळी निघाली आणि २२४ पांढरी. जवळपास तिनास एक! १८६६ साली त्यानं हे छापलं आणि पुढची तीसेक वर्षं जगानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सोयाबीनचंही तसंच आहे. जातीप्रमाणे फूल पांढरं तरी असतं नाहीतर जांभळं. बीजोत्पादनाचा प्लॉट घेणाऱ्याला हे फूल फार उपयोगी पडतं. जांभळ्या फुलांच्या रानात एक जरी झाड पांढऱ्या फुलाचं दिसलं की ती भेसळ समजायची आणि मुळासकट उपटायची. शेंगा लागल्यावर ओळख अवघड, म्हणून हे काम फुलोऱ्यातच उरकतात.

कांद्याचं पांढरं फूल बघायला मात्र बीजवाल्याच्याच शेतात जावं लागतं. खायच्या कांद्याला फूल आलं तर ती आफत, ‘डेंगळे निघाले’ म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो. बियाण्याच्या कांद्याला तेच हवं असतं. एकेका दांड्यावर शेकडो पांढऱ्या चांदण्यांचा चेंडू. मेख अशी की प्रत्येक फुलातले पराग आधी पिकून जातात आणि त्याचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. स्वतःचा पराग स्वतःच्या कामाला येत नाही. दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे मधमाशी. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं तर कीड मरते आणि बियाणंही हातचं जातं.

झाडाला उपाशी ठेवा, मग फुलं घ्या

मोसंबीच्या बागेजवळून माघाच्या सकाळी गाडी गेली तर काच खाली करा. दोन शेतं आधीपासून वास सुरू होतो. ती पांढरी, जाडसर पाच पाकळ्यांची फुलं आपोआप आलेली नसतात. आंबे बहार धरायचा म्हणून बागायतदारानं आधी कित्येक आठवडे झाडाचं पाणी तोडलेलं असतं. याला ‘ताण देणे’ म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, नवख्या माणसाला वाटावं बाग गेली. मग खतं घालून हलकं पाणी देत ‘ताण तोडतात’ आणि काही दिवसांत फांदी न फांदी पांढरी होते. मराठवाड्याच्या माणसाला पाण्याचा ताण काही नवा नाही, पण त्याचा असा हुकमी उपयोग करून घेणं ही खरी कारागिरी. आणि हो, ‘मोसंबी’ हे नाव आलंय आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून.

कडुनिंबाला असलं काही लागत नाही. चैत्रात ऊन तापायला लागलं की त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पार परसापर्यंत येतो आणि त्याला चक्क मधासारखा वास असतो. पान कडू आणि फूल सुगंधी! पाडव्याला आपण ओवा, गूळ घालून पाला वाटतो, त्यात मोहोरही टाकतो. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात गेलात की तोच मोहोर उगादीच्या पच्चडीत भेटतो.

देव्हाऱ्यातले परदेशी पाहुणे

परभणीच्या बाजारात सकाळी फुलवाल्यांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. त्यातली पांढरी फुलं एकेक करून गावाला परत धाडायची ठरवली तर टोपली अर्धी रिकामी होईल.

निशिगंध घ्या. हाराला, वेणीला, लग्नाच्या मांडवाला तोच. ‘गुलछडी’ म्हटलं की किती आपलीशी वाटते! पण गाव तिचं मेक्सिको. तिथले अ‍ॅझ्टेक लोक तिला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, म्हणजे हाडाचं फूल, कारण रंग हाडासारखा पांढराफेक. तिचे खरे भाऊबंद कोण? तर शेताच्या बांधावरचं काटेरी घायपात! वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता तिला घायपाताच्याच कुळीत, ‘अगेव्ह’मध्ये घातलं आहे. ज्याच्या पानाचे दोर वळतात ते घायपात आणि देवाच्या गळ्यातली गुलछडी, एकाच घरातली.

देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, खुरचाफा, तोही मध्य अमेरिकेकडचा. तो लाओसचं राष्ट्रीय फूल आहे. या चाफ्याइतका सोज्वळ दिसणारा लबाड दुसरा सापडायचा नाही. रात्री तो घमघमाट सोडतो, पतंग धावत येतात, फुलाच्या नळीत सोंड घालतात आणि आत मधाचा थेंबही नसतो. एका फुलात निराश झालेला पतंग दुसऱ्यात शोधतो, तिसऱ्यात शोधतो आणि त्या धावपळीत चाफ्याचे पराग इकडचे तिकडे होतात. झाडाला एक थेंब खर्च नाही.

मोगरा मात्र आशियाचाच. मोगरा जसा आपला, तसाच फिलिपिन्सचा. १९३४ सालापासून तो त्यांचं राष्ट्रीय फूल आहे, ‘सांपागिता’ या नावानं. आपल्या दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या मोगऱ्याला बी म्हणून सहसा धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसंच त्याच्या फांद्या तोडून, लावून, शेजारणीला देऊन तो वाढवत आली. म्हणजे तुमच्या दारातला मोगरा हा आजीच्या माहेरच्या मोगऱ्याचा वंशज नसून, बऱ्याचदा तोच मोगरा असतो.

पारिजातकाच्या नावात दुःख आहे. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘दुःखी झाड’ असा होतो, कारण रात्री फुलायचं आणि पहाटे गळून पडायचं. सड्यातलं एक फूल उचलून उलटं करा. पांढऱ्या पाकळ्यांखाली केशरी देठ असतो. या देठांनी पूर्वी रेशीम रंगवायचे. त्यातलं रंगद्रव्य आणि खऱ्या काश्मिरी केशरातलं रंगद्रव्य एकाच जातीचं आहे. त्याचं पान मात्र काचपेपरसारखं खरखरीत. देवाला जमिनीवर पडलेलं फूल चालत नाही, पारिजातकाचं चालतं. ही सवलत झाडाचा स्वभाव ओळखून कोणी दिली असेल, त्याला माझा नमस्कार.

बुचाची फुलं वेचायला लहानपणी कोण पळालं नाही? गणपती-नवरात्राच्या पुढेमागे उंच झाडावरून लांब देठाची पांढरी फुलं गिरक्या घेत खाली येतात. देठात देठ गुंफून सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. सबंध जगात या बुचाच्या प्रजातीत दुसरी जातच नाही. वंशात एकुलतं एक झाड!

सदाफुलीची शोधकथा

दारातल्या कुंडीत, कपारीत, घराच्या पन्हळीतसुद्धा उगवणारी सदाफुली मादागास्करची. पांढरी असो की गुलाबी, गुण तेच. जमैकात लोक साखरेच्या आजारावर तिच्या पानांचा चहा घ्यायचे. ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या डॉक्टरांच्या हाती आली. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या. नोबल आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी हा धागा सोडला नाही. १९५८ मध्ये त्यातून व्हिनब्लास्टिन हे औषध जगापुढे आलं. पाठोपाठ आलेलं व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. अंगणातल्या एका साध्या फुलाची ही कमाई.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्याकडे अजून ‘शुगरला सदाफुलीची पानं चघळा’ असं सांगणारे भेटतात. ज्या पानांतून पेशी मारणारं औषध निघतं, ती पानं अंदाजानं चावून खायची वस्तू नाही. फुलं बघा, देवाला वाहा, पानं खाऊ नका.

रानातली मंडळी

मराठवाड्याच्या रानातल्या झाडाझुडपांची रीतसर नोंद हवी असेल तर व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आहे, १९९८ साली औरंगाबादहून निघालेला. पण रानात शिरायला पुस्तकाची अट नाही.

डोंगरउतारावरचा पांढरा कुडा उन्हाळा सरता सरता पांढऱ्या फुलांनी भरून जातो. कालिदासाच्या मेघदूतात यक्षानं ढगाचं स्वागत केलं ते याच कुड्याच्या ताज्या फुलांनी. संस्कृतात तो ‘कुटज’. फुलाचं रूप एवढं काव्यात्म आणि झाडाची साल कशावर? तर जुलाब आणि आवेवर! वैद्यांचं कुटजारिष्ट याच सालीचं आणि इंद्रजव म्हणजे त्याचंच बी.

वाघाटीची वेल काटेरी, वाघनखासारख्या आकड्यांची. तिचं फूल पांढरं उमलतं, मधून केसरांचा झुबका बाहेर, आणि मग कपाशीसारखंच गुलाबी होत जातं. पुढे धरलेल्या फळांची भाजी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला उपवास सोडताना करतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. उपवास सोडायच्या त्या भाजीची वेल याच वाटेच्या काटवनात, गाजावाजा न करता वाढत असते.

रुईच्या फुलाकडे कधी भिंग घेऊन पाहिलंत? पाच जाड पाकळ्यांवर मधोमध मेणाचा मुकुट ठेवल्यासारखा. तिचे पराग सुटे उडत नाहीत. ते चिकट पिशव्यांत भरलेले असतात आणि भुंग्याचा पाय खाचेत अडकला की पिशवी पायाला लटकून त्याच्याबरोबर जाते. रुईचा चीक डोळ्यांना घातक, गुरं तिला तोंड लावत नाहीत. एका केशरी-काळ्या फुलपाखराची अळी मात्र हीच पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवून पक्ष्यांपासून सुटते. पांढऱ्या फुलाची रुई म्हणजे मांदार. तिच्या मुळात गणपती सापडतो म्हणून लोक ती मुळासकट खणतात. पांढऱ्या पळसाच्या मागेही असेच गुप्तधनवाले लागतात. एरवी पळस केशरी असतो, क्वचित एखाद्याच्या रंगाचा कारखाना बंद पडतो आणि तो पांढरा फुलतो, काबुली हरभऱ्यासारखाच. त्याच्या बुडाशी हंडा नसतो. असं झाड दिसलं तर त्याचा फोटो काढा, पण गावभर पत्ता सांगत फिरू नका. झाड वाचेल.

पाचच बिया, तरी सगळं रान त्याचं

पांढऱ्या फुलांतलं एक नाव मला प्रेमानं घेता येत नाही. गाजर गवत, काँग्रेस गवत. अमेरिका खंडातलं हे तण पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेत भरलं आणि बघता बघता देशभर झालं. आयात गव्हातून आलं असं सगळे सांगतात. नावाबद्दलही दोन मतं आहेत: कोणी म्हणतं काँग्रेसच्या राजवटीत आलं म्हणून, कोणी म्हणतं फुलं गांधीटोपीसारखी पांढरी म्हणून.

त्याचं एक बारीक ‘फूल’ नखावर घेऊन बघा. ते एक फूल नसून फुलांचा गुच्छ असतो आणि त्याला पाच कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्यावर एक फूल, त्या प्रत्येकाची एक बी. एका गुच्छात पाचच बिया! पण एका झाडावर गुच्छ इतके की बिया हजारोंच्या घरात जातात. हात लावला तर काहींना खाज, चट्टे, काहींना दमा.

याचा वैरीही मेक्सिकोचाच आहे. फिकट पिवळसर अंगावर काळ्या नागमोडी रेघा असलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा भुंगा. १९८३ मध्ये तो बंगळुरूला आणला, तपासला, मग सोडला. परभणीच्या कृषी विद्यापीठातही हे मेक्सिकन भुंगे वाढवून शेतकऱ्यांना देतात. पावसाळ्यात भुंगे आणि त्यांच्या अळ्या गाजर गवताची पानं जाळीसारखी करून टाकतात. पिकाला तोंड लावत नाहीत. पाऊस सरला की जमिनीत शिरून झोपतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर येतात. तेव्हा गाजर गवतावर हा भुंगा दिसला तर मारू नका. तो आपला माणूस आहे. आणि मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेका. तरोटा माजला की गाजर गवताला जागा उरत नाही.

दिवे मालवा

आता मुख्य प्रश्न. रंग नसूनही झाडांनी पांढरं फूल का धरलं? उत्तर रात्री मिळतं. अंधारात लाल फूल काळं दिसतं, जांभळंही काळं. पांढरंच तेवढं चांदण्यात उठून दिसतं. त्यावर वासाची जोड दिली की निशाचर पतंगाला पत्ता सापडलाच. म्हणून रातराणी, जाई, निशिगंध, धोतरा या सगळ्यांचा बाजार दिवेलागणीनंतर भरतो.

हे पाहायला लांब जायला नको. मांडवावर दुध्या भोपळ्याचा वेल असेल तर संध्याकाळी तिथे खुर्ची टाका. काकडी, कारली, लाल भोपळा यांची पिवळी फुलं सकाळची, मधमाश्यांची. दुध्याचं फूल पांढरं आणि त्याची वेळ संध्याकाळची. दुपारभर कळ्या पीळ घालून गप्प असतात. ऊन उतरलं की पीळ सैल होतो, चुरगाळलेल्या मलमलीसारख्या पाकळ्या हळूहळू पसरतात. अंधार दाटला की एखादा जाड अंगाचा पतंग येतो, फुलासमोर हवेत तरंगत राहतो आणि लांब सोंड आत घालतो. लांब देठाची नुसती फुलं नर, ज्यांच्या बुडाशी बोटाएवढा लवदार भोपळा आधीच दिसतो ती मादी. पडवळ तर पाकळ्यांच्या कडांना झालर लावून रात्री उमलतं. नियमाला अपवाद हवेतच: दोडका पिवळा असून संध्याकाळी फुलतो, तोंडलं पांढरं असून दिवसा.

या पतंगाच्या सोंडेवरून डार्विनची गोष्ट आठवते. मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडला फूटभर लांब नळी, मध तळाशी. १८६२ मध्ये डार्विननं लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. पतंग कोणी पाहिलेला नव्हता. १९०३ मध्ये त्याची नोंद झाली, तेव्हा डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

आणि ब्रह्मकमळ! गच्चीवरच्या कुंडीत ते फुलायचं असलं की गल्लीभर निरोप जातो. नऊला कळी हलते, बारापर्यंत ताटलीएवढं होतं, आरती होते, फोटो होतात, पहाटे मान टाकतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. आपण ज्याची आरती करतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे आणि ज्या ‘पाना’तून फूल येतं ते पान नसून त्याचं चपटं खोड आहे. म्हणून त्या रात्रीचा आनंद तसूभरही कमी होत नाही. गल्ली एका फुलासाठी जागी राहते, हे मला फार मोठं वाटतं.

फक्त एक करा. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत रस्त्यावरचे दिवे लावून एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिव्यांखाली फुलांवरच्या रात्रीच्या कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे आता प्रत्येक गोठ्यावर, गच्चीवर, मांडवावर पांढऱ्याशुभ्र एलईडीचा झोत असतो. दुध्याच्या वेलाला फुलं भरपूर पण भोपळे धरत नाहीत, कोवळे पिवळे पडून गळतात अशी तक्रार असेल, तर खताची पिशवी आणण्याआधी वेलावरचा दिवा संध्याकाळी सातपासून दोन तास बंद ठेवून बघा.